पाताळाची मसनद

मोगल बादशहा अकबराच्या कारभाराची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त गंजिफाच्या खेळाचे वर्णन करताना १२ रंगांच्या आणि १४४ पानांच्या ज्या जुन्या संचाची हकीकत दिली आहे, तीत अश्वपती, गजपती, नरपती, गडपती अशा ऐहिक राजांच्या मागोमाग सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती असे चार राजे येतात, आणि या चौघांपैकी दोघे, म्हणजे असुरांचा राजा व सर्पांचा राजा, हे ज्या लोकाचे रहिवासी म्हणून आपल्या पुराणांना ठाऊक आहेत तो लोक पाताळ होय. पत्त्यांच्या खेळात पाताळाचा मुलूख हिशेबात धरला गेल्याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. आज लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडासारख्या गावातही शाळकरी मुलांच्या मोबाईलवर राक्षसांनी गजबजलेल्या भूमिगत राज्यांचे पत्त्यांचे खेळ सर्रास दिसतात, आणि त्या खेळांच्या कर्त्यांनी कल्पिलेले अधोलोक पाहून ही पोरे पाताळाची तीच मूर्ती मनात धरून बसतात. तेव्हा पाताळ म्हणजे काय, तेथे कोण राहतात, आणि मुख्य म्हणजे तेथील मसनदीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचा एकवार सबंध आढावा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

अबुल फजलच्या त्या संचापासूनच प्रारंभ करू. सुरपतीच्या पानावर सिंहासनाधिष्ठित इंद्र आहे आणि त्याच्या हाताखालची दहा पाने देवतांची आहेत, येथपर्यंत सर्व यथास्थित आहे. अहिपतीच्या पानावर अजगरासारख्या प्रचंड प्राण्यावर आरूढ झालेला सर्प, त्याचा वजीर म्हणजे सर्पावर बसलेला दुसरा सर्प, आणि खालची रयतही सर्पांचीच, हेही समजण्याजोगे आहे. परंतु असुरपतीच्या पानावर असुर नाही. तेथे दाऊदचा पुत्र सुलेमान तख्तावर बसलेला आहे, त्याचा वजीर घोड्यावर आहे, आणि उरलेली दहा पाने तेवढी असुरांची, म्हणजे त्या काळच्या फारसी समजुतीप्रमाणे जिनांची. इस्लामी परंपरेत सुलेमान पैगंबराला जिनांवर हुकमत बहाल झालेली असल्यामुळे ही योजना चित्रकाराच्या दृष्टीने निर्दोषच होती. तथापि तिचा परिणाम असा झाला की, देवांना देवाचे राज्य मिळाले, सर्पांना सर्पाचे मिळाले, आणि असुरांना मात्र रंग मिळूनही राजा बाहेरचा मिळाला, तोही त्यांना जिंकून राबविणारा. पुढे बादशहाने स्वतः जे फेरफार सुचविले त्यांत आणि नंतर सर्वत्र रूढ झालेल्या आठ रंगांच्या, ९६ पानांच्या संचात ताज, शमशेर, गुलाम, बरात, किमाश असे निव्वळ दरबारी रंग राहिले. देवही गेले आणि असुरही गेले. खजिना, कापडखाना आणि फर्माने यांच्या पानांवर खेळणाऱ्या दरबाराला पाताळाची गरज उरली नसावी.

गंजिफा मोगलांबरोबर आला असे सामान्यतः मानले जाते, आणि बाबराने १५२७ साली सिंधेतील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात मात्र या खेळाने जे रूप धारण केले ते दशावतारी होय, आणि त्याचे माहेर सावंतवाडी. लाखेचा लेप दिलेली, वाटोळी, हाताने रंगविलेली १२० पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंतची दहा पाने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ लोपली होती. १९७०नंतरच्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच तिचे पुनरुज्जीवन केले, हे सुपरिचित आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अवतारांच्या या संपूर्ण संचात ज्यांच्यासाठी अवतार घ्यावे लागले त्यांना एकही पान नाही. वराह आहे, पण ज्याने पृथ्वी रसातळाला नेली तो हिरण्याक्ष नाही. वामन आहे, पण ज्याच्या मस्तकावर तिसरे पाऊल पडले तो बळी नाही. दहा रंगांचे दहा राजे एकमेकांशी झुंजतात, रामाचे पान कृष्णाचे पान मारून नेते, आणि असुर मात्र डावाबाहेर. शास्त्राच्या दृष्टीने हे विपरीत असले तरी चितारी बिचारा काय करणार? रंगांची संख्या ठरलेली होती.

पानांतून ज्यांना हद्दपार केले त्यांना त्याच मुलखाने रंगभूमीवर मात्र मानाने बोलाविले आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात वेद पळविणारा संकासुर काळ्या पेहरावात येतो, मालवणीत बोलतो, प्रेक्षकांना हसवितो, आणि विष्णूच्या हातून मरण्यापूर्वी सर्व रात्रीची मजा लुटून जातो. वेद चोरणाऱ्या असुराच्या तोंडी गावची बोली आणि देवांच्या तोंडी ग्रांथिक भाषा, ही वाटणी ज्याने प्रथम केली त्याला पाताळाविषयी पुष्कळ कळत होते असे म्हणावे लागते.

आता मूळ दप्तराकडे वळू. पाताळाचा सर्वांत व्यवस्थित भूगोल विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात आणि भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. भागवताच्या मते अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल असे सात लोक एकाखाली एक आहेत. विष्णुपुराणाच्या यादीत नितल आणि गभस्तिमत् अशी निराळी नावे येतात, परंतु संख्या सातच, आणि प्रत्येकाची खोली दहा सहस्र योजने. विष्णुपुराणाने तर थराथराची मातीदेखील सांगितली आहे: पहिली पांढरी, दुसरी काळी, मग तांबूस, पिवळी, वाळूची, खडकाळ, आणि सर्वांत तळाची सोन्याची. मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात काळ्या चिकणीखाली पांढरा मुरूम आणि त्याखाली अभेद्य काळा पाषाण पाहण्याची सवय झालेल्या माणसाला हा क्रम उलटापालट वाटेल. तरी जमीन थराथरांची असते आणि प्रत्येक थराचा रंग वेगळा असतो, हे निरीक्षण विहीर खणणाऱ्याचे आहे, कविकल्पनेचे नव्हे.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे तेथील जीवनाचे वर्णन. नारद पाताळाची यात्रा करून स्वर्गात परतला आणि भरसभेत म्हणाला की पाताळ स्वर्गाहून रम्य आहे, असे विष्णुपुराण सांगते. तेथे सूर्य प्रकाश देतो पण तापत नाही, चंद्र उजळतो पण गारठवीत नाही. नागांच्या फणांवरील मण्यांचा झळाळ असतो. वने, नद्या, कमळांची तळी, कोकिळांचे कूजन, वेणू-वीणा-मृदंगांचे ध्वनी असतात. आणि खाण्यापिण्यात मग्न झालेल्या दैत्यांना काळ केव्हा सरला याचा पत्ताही लागत नाही. भागवत तर या लोकांना ‘बिलस्वर्ग’ म्हणजे विवरातले स्वर्गच म्हणते, आणि तेथे सूर्य नसल्यामुळे दिवसरात्रीचा भेद नाही, दिव्य औषधींमुळे व्याधी नाही, जरा नाही, असे सांगते.

येथे एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे, कारण आजच्या बहुतेक चुकीच्या कल्पना त्यातून उद्भवतात. पाताळ म्हणजे नरक नव्हे. भागवताने २८ नरकांची यादी स्वतंत्र अध्यायात दिली आहे, ते यमाच्या अखत्यारीत आहेत, आणि तेथे जाणारा जीव आपल्या कर्माचा हिशेब चुकता करण्यासाठी जातो. पाताळात कोणी शिक्षा भोगण्यासाठी जात नाही. तेथले लोक तेथे नांदतात. हीच व्यवस्था जैन शास्त्रकारांनी अधिकच काटेकोरपणे मांडली आहे: रत्नप्रभेपासून खाली सात पृथ्वी नारकांच्या आहेत, परंतु पहिल्या पृथ्वीच्या वरच्या भागात असुरकुमार, नागकुमार इत्यादी भवनवासी देवांची भवने आहेत. म्हणजे ज्याला वैदिक परंपरा असुर म्हणते त्याला जैन परंपरेने सरळ देवांच्या एका वर्गात दाखल करून घेतले आणि राहण्यास मात्र जमिनीखालीच जागा दिली.

भागवतातील सात लोकांची कैफियत वाचताना आणखी एक सूत्र हळूहळू ध्यानात येते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सबंध प्रश्नाची किल्ली तेच आहे. अतलात मयपुत्र बल आपल्या ९६ मायांसह राहतो. वितलात हाटकेश्वर शिव भवानीसह राहतो आणि तेथून हाटकी नावाची नदी व हाटक नावाचे सोने उत्पन्न होते. तलातलात मयासुर, ज्याची त्रिपुरे शंकराने जाळली आणि मग ज्याला शंकरानेच आश्रय दिला. महातलात कद्रूचे वंशज तक्षक, कालिय, सुषेण वगैरे. रसातलात निवातकवच, कालेय आणि हिरण्यपुरवासी. तळाशी वासुकी आदी महानाग, आणि त्याहूनही खाली अनंत. या प्रत्येक ठिकाणी ऐश्वर्य आहे आणि बहुतेक ठिकाणी भय आहे. पण ते भय सर्वदा वरून येते. दैत्यांना विष्णूच्या सुदर्शन चक्राचे भय इतके की ते चक्र शिरले असता त्यांच्या स्त्रियांचे गर्भ गळतात. महातलातले नाग कुटुंबकबिल्यासह सुखात असूनही गरुडाच्या धास्तीने सदैव उद्विग्न. रसातलातले दानव इंद्राची दूती सरमा हिच्या वाणीने भेदरलेले. पाताळातून वर स्वारी होण्याची धास्ती देवांना असावी, अशी आपली समजूत. ग्रंथकारांनी रंगविलेले पाताळ मात्र स्वारी झाल्यानंतरचे, हरलेल्यांचे, पण खाऊनपिऊन सुखी असे राज्य आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वातील मातलीची गोष्ट या दृष्टीने फार मार्मिक आहे. इंद्राचा हा सारथी आपली कन्या गुणकेशी हिच्यासाठी वर शोधीत निघतो, देवांत आणि मनुष्यांत त्याला मनाजोगे स्थळ मिळत नाही, म्हणून नारदाला बरोबर घेऊन तो खाली उतरतो. वरुणाचा लोक पाहून झाल्यावर दोघे हिरण्यपुरात जातात, मयाने कल्पिलेल्या आणि विश्वकर्म्याने बांधलेल्या त्या दानवनगरीचे वैभव नारद सांगतो आणि येथे कोणी आवडतो का पाहा म्हणतो. तेव्हा मातली उत्तर देतो की देव आणि दानव भाऊभाऊ असले तरी त्यांचे नित्य वैर आहे, तेव्हा असा संबंध करून देवांना न रुचणारी गोष्ट मी करणार नाही. अखेरीस भोगवती नगरीत आर्यक नागाचा नातू सुमुख त्याला पसंत पडतो, आणि लगेच कळते की याच्या बापाला गरुडाने खाल्ले असून महिन्याभरात यालाही खाण्याची त्याची प्रतिज्ञा आहे. पोरगा चांगला, घर चांगले, फक्त शेजार वाईट: मुलगी उजवायला निघालेल्या कोणत्याही बापाला हा प्रसंग परका वाटणार नाही.

आता मसनदीचा प्रश्न. सात लोकांपैकी सुतलाचा अधिपती विरोचनपुत्र बळी हा एकटाच असा आहे की ज्याला त्याचे राज्य रीतसर दिले गेले. त्रैलोक्य तीन पावलांत काढून घेतल्यावर वामनाने त्याला वरुणपाशांनी बांधले खरे, पण नंतर विश्वकर्म्याने रचलेले आणि देवांनीही हेवा करावा असे सुतल त्याला दिले, आजा प्रल्हाद बरोबर दिला, सावर्णी मन्वंतरात इंद्रपद देण्याचे वचन दिले, आणि एवढ्याने भागले नाही म्हणून स्वतः गदा घेऊन त्याच्या दारात द्वारपाल म्हणून उभा राहिला. जुन्या काळच्या भाषेत बोलावयाचे तर मुलूख जप्त करून जहागीर बहाल केली, सनद दिली, आणि चौकीपहाऱ्याची तैनाती देणाऱ्याने स्वतःच पत्करली. दिग्विजयासाठी निघालेला रावण सुतलाच्या दारी आला तेव्हा या द्वारपालाने त्याला पायाच्या अंगठ्याने कित्येक योजने दूर भिरकावला, असे भागवत सांगते. ज्या राज्यावर रावणालादेखील चढाई करता येत नाही त्याला अंधाराचे राज्य म्हणण्यास काय आधार आहे?

शास्त्राने हे सर्व लिहून ठेवले. पण बळीच्या बाजूने खरा निवाडा दिला तो मराठी शेतकऱ्यांच्या घरांतील बायकांनी. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, आमच्या भागात अंगणात शेणाचे पांडव मांडले जातात, आणि ओवाळताना इडापीडा टळून बळीचे राज्य यावे अशी इच्छा तोंडाने उच्चारली जाते. ही इच्छा उच्चारणाऱ्या आजीबाईंनी भागवताचा आठवा स्कंध वाचलेला नसतो. वामनावर त्यांचा राग असतो असेही नाही, कारण त्याच घरात एकादशी कडकडीत पाळली जाते. तरी राज्य कोणाचे यावे, असे विचारले तर उत्तर पाताळात गेलेल्या राजाचेच येते, आणि मराठीत शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणण्याची वहिवाट तर आता वर्तमानपत्रांनीही कायम केली आहे. केरळात ओणमच्या दिवसांत महाबली वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो. आपल्याकडे तो येत नाही, त्याचे राज्य यावे अशी वाट मात्र पाहिली जाते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्येचा सण होतो, त्या दिवशी शेतात कडब्याची कोप करून पूजा मांडतात, आंबिल-भज्जीचा नैवेद्य होतो आणि आंबिल रानभर शिंपडली जाते. तेथे बळीचे नाव नसते, पण जमिनीच्या पोटाला जेवू घालण्याची भावना तीच आहे.

या लोकभावनेला इतिहासाचे रूप देण्याचे धाडस जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त केले. त्यांच्या मांडणीत बळी हा या भूमीतल्या शेतकऱ्यांचा खराखुरा राजा, अवतार म्हणजे एकामागून एक आलेले आक्रमक, आणि वामनाची गोष्ट म्हणजे जिंकणाऱ्याने लिहिलेली बखर. दहा रंगांच्या राजांना डावाबाहेरच्या असुराने विचारलेला हा जाब होता. त्यांच्या इतिहासाची सर्व कलमे आजच्या संशोधनाला मान्य होणार नाहीत हे उघड आहे. परंतु पाताळात कोणाला आणि का ढकलले गेले हा प्रश्न त्यांच्यानंतर पूर्वीसारखा निरागसपणे विचारता येत नाही, एवढे यश त्यांच्या पदरी निःसंशय आहे. गंमत अशी की, तेच पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले, आणि जवळपास त्याच काळात स्वामी दयानंद ‘सत्यार्थप्रकाशा’त पाताळ म्हणजे अमेरिका असे सांगून अर्जुनाची उलूपी ही तेथल्या राजाची कन्या ठरवीत होते. पृथ्वी गोल आहे हे कळल्यावर पायाखालचा लोक पलीकडच्या बाजूस शोधण्याचा मोह भल्याभल्यांना आवरला नाही.

बायकांच्या पाताळाविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण पंडितांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. नागपंचमीच्या कहाणीत माहेर नसलेली धाकटी सून असते, इतर जावा माहेरी जातात आणि हिला कोणी न्यायला येत नाही. तेव्हा शेषभगवानाला दया येऊन तो ब्राह्मणाच्या वेषात तिचा मामा बनून येतो, वाटेत आपले खरे रूप सांगतो, आणि तिला फणेवर बसवून वारुळातून आपल्या घरी घेऊन जातो. तेथे नागिणीचे बाळंतपण होते, हिच्या हातून दिवा पडून पिलांची शेपटे भाजतात, पिले मोठी होऊन सूड घ्यायला सासरच्या घरी येतात, आणि ही नागांची चित्रे काढून आपल्या भावांसाठी प्रार्थना करीत बसलेली पाहून निमूट परत जातात. सासुरवाशिणीला जमिनीवर माहेर नव्हते ते जमिनीखाली मिळाले. राक्षसांच्या अधोलोकाचे जगात पुष्कळ नमुने आहेत. माहेरपणाला नेणारे पाताळ दुसऱ्या कोणा लोकांजवळ असल्यास ते मला ठाऊक नाही.

भयंकर पाताळही मराठीत नाही असे नव्हे. वाल्मीकीला ठाऊक नसलेली अहिरावण-महिरावणाची कथा श्रीधरस्वामींनी शके १६२५मध्ये पूर्ण केलेल्या ‘रामविजया’मुळे घरोघर पोहोचली: पाताळातले हे दोघे रामलक्ष्मणांना रात्री छावणीतून उचलून नेतात, देवीपुढे बळी द्यायचे ठरवितात, आणि मारुती खाली जातो तो दारावर त्याचाच पुत्र मकरध्वज पहारा करीत असतो. युद्धकथा म्हणून ती रंगतदार आहे, पण पाताळाविषयी नवे असे ती फारसे सांगत नाही.

जमिनीवर प्रत्यक्ष बोट ठेवून दाखविता येईल असे असुराचे विवर पाहायचे तर मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे. तेथील स्थळकथेप्रमाणे लवणासुर भूमीखालच्या विवरात राहून लोकांना त्रास देत असे, विष्णूने सुंदर तरुणाच्या रूपात त्याच्या बहिणींना वश करून विवराचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडविले आणि निजलेल्या असुराला मारले. झाकण दूर जाऊन पडले त्याची टेकडी झाली आणि विवराचे सरोवर झाले. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर याच कथेचे स्मारक आहे. बेसाल्ट खडकातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे नसून उल्काघाताचे आहे असा निर्वाळा १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिला. तेव्हा वरून काहीतरी आले आणि झाकण उडाले, या स्थळपुराणातील तपशिलाला विज्ञानाने अनपेक्षित दुजोरा दिला, असे थट्टेने म्हणता येईल. थट्टा बाजूस ठेवली तरी कथेतला घाव पुन्हा वरूनच येतो आणि निजलेल्यावर येतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मारलेल्या असुराला देवळात जागा देण्याची रीतही याच मुलखाची. मल्हारी माहात्म्यात मरताना शरण आलेल्या मणी दैत्याने खंडोबाला आपला घोडा दिला आणि देवाच्या स्थानी आपली मूर्ती असावी एवढे मागून घेतले. जेजुरीला तो आजही पायऱ्यांशी आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा मोठा बाजार लागतो, आणि भंडारा उधळणाऱ्यांना मणी आणि त्याचा भाऊ मल्ल यांची नावे देवाच्या नावाइतकीच मुखोद्गत असतात. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२च्या ग्रंथात म्हसोबा म्हणजे महिषासुरच असून कित्येक गावी तो देवीचा शत्रू नसून तिचा पती म्हणून पुजला जातो याकडे लक्ष वेधले. तुळजापूरची भवानी महिषमर्दिनी, आणि तिच्याच भक्तांच्या शिवारात शेंदूर फासलेला म्हसोबा: दोघांनाही नैवेद्य चालू आहे, आणि फिर्याद कोणाचीच नाही.

पाताळाचा विचार करताना आमच्या जिल्ह्याला एका तारखेपाशी थांबावेच लागते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती झोपली असताना, पावणेचारनंतर काही मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. अनंत जांभई देतो तेव्हा सागर-काननांसह पृथ्वी कापते, असे विष्णुपुराण सांगते. त्या वर्षी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या पारांवर शेषाच्या फणेची भाषा पुन्हा ऐकू आली, आणि त्यात हसण्यासारखे काही नव्हते, कारण दख्खनचे पठार अढळ आहे असे सांगणाऱ्या शास्त्रालाही त्या वेळी दुसरे उत्तर सुचत नव्हते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले, त्याखाली गाळाच्या खडकाचा एक पातळ पट्टा, आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ पाषाण. पुराणांच्या सात थरांशी याचा मेळ घालण्याची आवश्यकता नाही. परंतु आपण ज्यावर घरे बांधतो ते कशावर टेकले आहे, हा प्रश्न पुराणकारांनी टाळला नव्हता, आणि आम्हीही तो १९९३पर्यंत टाळायला नको होता.

ज्या वर्षी किल्लारी हादरली त्याच वर्षी ऑगस्टात अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला, आणि खेळाडूने पाने गोळा करून आपला संच आपणच रचावा या प्रकारच्या आजच्या सर्व खेळांचा तो मूळपुरुष ठरला. त्यातील राक्षसांची पाने बहुधा काळ्या रंगाची, त्यांचे बळ दलदलींतून निघते. आणि त्याच्या कथाविश्वात फायरेक्सिया नावाचा एकाखाली एक नऊ गोलांचा जो लोक आहे, तेथील रहिवासी इतर जगांवर चालून जाऊन त्यांना आपल्यासारखे करून टाकतात. रचनाकौशल्य मोठे आहे, चित्रकारी अनेकदा अप्रतिम आहे. मात्र तो लोक शेवटी पाश्चात्त्य नरकाच्या पायावर उभा आहे. खाली असतो तो दुष्ट असतो, दुष्ट असतो तो आक्रमण करतो, आणि त्याचा राजा असलाच तर तो त्या दुष्टतेचे सार असतो, हे गृहीत तेथे पुराव्यावाचून मान्य केलेले आहे. अकबराच्या चित्रकाराने निदान असुरांना एक पैगंबर तरी राजा म्हणून दिला होता. आपल्याकडच्या पोरांनी हे खेळ खेळू नयेत असे मुळीच नाही. त्यांनी खुशाल खेळावे. पण ज्यांच्या घरी पाडव्याला बळीची वाट पाहतात त्यांना त्या नऊ गोलांत आपला राजा कोठे दिसत नाही, एवढे तरी खटकावे.

सावंतवाडीच्या कोणा तरुण चिताऱ्याने उद्या पाताळाचा संच रंगवायचे मनात आणले, तर सामग्रीची वाण नाही. सात लोकांचे सात रंग. अतलाचा राजा बल, वितलाचा हाटकेश्वर, सुतलाचा बळी आणि त्याचा प्रधान प्रल्हाद, तलातलाचा मय, महातलाचा तक्षक, रसातलाचे निवातकवच, तळाचा वासुकी. हिशेबाने पाने ८४. अडचण एकच येईल, ती उतारीची. दशावतारी गंजिफात डाव दिवसा असला तर रामाच्या राजाने उघडायचा आणि दिवा लागल्यावर असला तर कृष्णाच्या राजाने, असा कायदा आहे; पाताळात दिवसही नाही आणि रात्रही नाही, तेव्हा पहिले पान कोणी टाकायचे हे खेळणाऱ्यांना निराळ्या नियमाने ठरवावे लागेल. माझे मत विचारले तर मी सुतलाच्या राजाला तो मान देईन, कारण त्या सातांत सनद त्याच्या एकट्याच्याच नावे आहे.